चौसष्ट माणसांची काउंटी

पश्चिम टेक्सासमध्ये, न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून, लव्हिंग नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे 1,750 चौरस किलोमीटर, गोव्याच्या निम्म्याला थोडं कमी. 2020 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली 64. चौसष्ट हजार नव्हे, चौसष्ट माणसं! अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक काउंट्यांमध्ये इतकी कमी लोकसंख्या दुसरीकडे कुठेच नव्हती. आणि टेक्सासमधल्या सर्वांत जास्त तेल काढणाऱ्या काउंट्यांची यादी केली, तर त्यातही हिचं नाव असतं.

या दोन गोष्टी एका जागी आल्या की अर्थशास्त्रातले आपल्या रोजच्या ओळखीचे शब्द एकदम विचित्र वागू लागतात. सरासरी, दरडोई उत्पादन, मतदानाची टक्केवारी, सगळेच. मला या काउंटीचं वेड लागलं ते त्यामुळेच.

मुळात हा गुरांचा मुलूख. पेकोस नदी नैऋत्येच्या कडेने वाहते, पण तिचं पाणी खारट, आणि पाऊस वर्षाला जेमतेम 25-30 सेंटिमीटर. ज्याच्या नावाने काउंटी ओळखली जाते तो ऑलिव्हर लव्हिंग गुरांचा व्यापारी होता. 1866 मध्ये त्याने चार्ल्स गुडनाइटबरोबर याच नदीच्या काठाने कळप उत्तरेकडे हाकले. पुढच्याच वर्षी कोमांची योद्ध्यांशी झालेल्या चकमकीत तो जखमी झाला आणि न्यू मेक्सिकोत मरण पावला. 1887 मध्ये काउंटी कागदावर आली. 1890 च्या शिरगणतीत तिथे किती माणसं सापडली? तीन. मग कालवे काढून शेती करण्याची स्वप्नं दाखवत एक कंपनी आली, 1893 मध्ये कारभार सुरू झाला, आणि 1897 मध्ये तो गुंडाळून काउंटी शेजारच्या रीव्हजला जोडून टाकली. 1921 मध्ये तेल लागलं, तेव्हा कुठे माणसांचा ओघ सुरू झाला आणि 1931 मध्ये काउंटी पुन्हा उभी राहिली. 1940 मध्ये 285 लोक होते. इतके त्यानंतर कधीच झाले नाहीत.

हे तेल आलं कुठून? सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळात, इथे समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म जिवांचे अवशेष तळाच्या चिखलात गाडले गेले, दाबाखाली आणि उष्णतेत शिजत राहिले. उभ्या विहिरींना या दाट खडकातून फारसं तेल मिळेना. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तंत्र बदललं. विहीर दोन-तीन किलोमीटर खाली न्यायची, तिथे वळवून तेवढीच आडवी न्यायची, आणि वाळू मिसळलेलं पाणी प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडायच्या. जिथे पिण्याचं पाणी वर्षानुवर्षं टँकरने आणावं लागलं, तिथे आता पाणी हाच मोठा धंदा झाला आहे. तेलाबरोबर वर येणारं अतिखारट पाणी वाहून नेणं, पुन्हा जिरवणं, विहिरींना नवं पाणी पुरवणं, यावर कंपन्या चालतात.

आता दरडोई उत्पादनाकडे वळू. एखाद्या काउंटीचं सकल उत्पादन मोजतात ते माल जिथे निर्माण झाला त्या जागेवर. माणसं मोजतात ती जिथे राहतात तिथे. मोठ्या प्रदेशात या दोन जागा बऱ्याच अंशी एकच असतात, म्हणून भागाकार शहाण्यासारखा वागतो. लव्हिंगमध्ये विहिरींवर राबणारे हजारो कामगार तात्पुरत्या छावण्यांत राहतात. त्यांचं कायमचं घर दुसरीकडे, म्हणून जनगणनेत ते तिकडचे. अब्जावधी डॉलरच्या उत्पादनाला 64 ने भागलं की प्रत्येकाच्या वाट्याला कोट्यवधी डॉलर येतात, आणि ते कुणाच्याही खिशात नसतात!

पैसा जातो कुठे, हे तर त्याहून रंजक आहे. आपल्याकडे तेलावर हक्क सरकारचा. टेक्सासमध्ये जमिनीखालचं तेल खाजगी मालकीचं असू शकतं, आणि वरची जमीन एकाची, खालचं खनिज दुसऱ्याचं, अशीही विभागणी चालते. त्यामुळे रॉयल्टीचा मोठा हिस्सा काउंटीत पाऊलही न ठेवलेल्या लोकांकडे जातो. दिवाळं निघालेल्या एका रेल्वे कंपनीच्या जमिनी सांभाळायला 1888 मध्ये एक विश्वस्त संस्था निघाली होती. तिची वारसदार टेक्सास पॅसिफिक लँड ही कंपनी आज इथल्या बड्या जमीनमालकांत आहे. काउंटीच्या हाती उरतो मालमत्ता कर, कारण तेल देणारं खनिजही करपात्र मालमत्ता धरलं जातं. तेवढ्यानेही तिजोरी भरते. शाळेचा पैसा मात्र पुरता आपल्याकडे ठेवता येत नाही. श्रीमंत शाळा-जिल्ह्यांनी जादा कर राज्याकडे द्यावा, असा कायदा 1993 पासून आहे, आणि इथली मुलं ज्या विंक-लव्हिंग शाळा-जिल्ह्यात शिकतात तोही त्यात येतो. शाळा काउंटीत नाहीच. मुलं शेजारच्या विंक गावाला जातात.

गाव म्हणावं असं एकच, मेंटोन. पण कायद्याला वस्तीशी देणंघेणं नाही. टेक्सासच्या इतर 253 काउंट्यांप्रमाणे हिलाही काउंटी जज हवा, चार कमिशनर हवेत, शेरीफ हवा, क्लार्क हवा. साहजिकच प्रौढांपैकी मोठा वाटा कुठल्या ना कुठल्या पदावर किंवा काउंटीच्या नोकरीत असतो. माणसं कमी असली की दारं कधीकधी लवकर उघडतात. 1945 मध्ये एडना रीड क्लेटन इथल्या शेरीफ झाल्या आणि टेक्सासमध्ये निवडून आलेल्या पहिल्या महिला शेरीफ म्हणून त्यांची नोंद झाली.

2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत इथे 66 मतं पडली. लोकसंख्येपेक्षा दोन जास्त, आणि 64 मध्ये लहान मुलंही धरलेली! कायद्याच्या दृष्टीने मतदाराचं घर म्हणजे तात्पुरतं बाहेर गेल्यावर जिथे परतायचा त्याचा इरादा आहे ती जागा. जनगणना मात्र माणूस बहुतेक काळ झोपतो कुठे ते पाहते. त्यामुळे एकच माणूस दोन यंत्रणांना दोन ठिकाणी सापडू शकतो. इथला खरा रहिवासी कोण यावरून वाद होतात, आणि पाच-सहा मतांनी निकाल फिरू शकतो म्हटल्यावर ते तीव्र होणारच.

गरिबी, शिक्षण, घरभाडं यांची माहिती अमेरिकेत नमुना-पाहणीतून येते. 65,000 पेक्षा कमी वस्तीच्या भागाला एका वर्षाचे पूर्ण आकडे मिळत नाहीत, त्यासाठी पाच वर्षांची उत्तरं एकत्र करावी लागतात. लव्हिंग त्या मर्यादेच्या जवळपास एक हजारांश आहे. इथलं एक कुटुंब पाहणीत आलं किंवा सुटलं, तर मध्यक उत्पन्न उडी मारतं.

आणि तो 64 चा आकडा? 2020 मध्ये जनगणना विभागाने माणसांची खाजगी माहिती उघडी पडू नये म्हणून आकड्यांत मुद्दाम थोडी गणिती भेसळ केली. राज्यांची एकूण लोकसंख्या त्यातून वगळली, काउंट्यांची वगळली नाही. लॉस एंजेलिससारख्या काउंटीत दोन-चार माणसं इकडेतिकडे झाली तरी कुणाला पत्ता लागत नाही. इथे तेवढ्याने सगळं चित्र हलतं. घरांच्या संख्येला मात्र हात लावलेला नाही. म्हणजे लव्हिंगमध्ये घरं किती आहेत हे जनगणनेने मोजलं तसंच छापलं आहे. माणसं 64 च मोजली होती, की 62, की 67, हे त्या छापील आकड्यावरून कुणालाच ठरवता येणार नाही.