तुडतुड्याच्या धाकानं नांदणारं गाव

समजा, डोंगरउतारावरचं सगळ्यात वरचं भातखाचर तुमचं आहे. पाणी आधी तुमच्या बांधाशी येतं, मग खालच्यांकडे जातं. अडवायला पोलीस नाही, पाटबंधारे खात्याचा माणूस नाही. पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढं पाणी तुम्ही घ्याल की नाही? आपल्याकडे पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावांत कुऱ्हाडी निघतात. मग इंडोनेशियाच्या बाली बेटावर वरचा शेतकरी खालच्यासाठी पाणी सोडतो, तो का? आणि तेही शतकानुशतकं?

माणसं सज्जन आहेत म्हणून, असं उत्तर द्यायचा मोह होतो. खरं उत्तर तांदळाच्या दाण्याहूनही लहान आहे आणि त्याला सहा पाय आहेत. पण त्याच्याकडे जाण्याआधी जरा गावात डोकावू.

बातुकारू डोंगराच्या दक्षिण उतारावर जातिलुविह नावाचं गाव आहे. डोंगराच्या अंगाअंगानं उतरत गेलेली भातखाचरं, मधूनमधून नारळी, खाचरांच्या कडेला भाताच्या देवीची, देवी श्रीची, छोटी देवळं. आपली लक्ष्मी इथे लोंबीत राहते. इथला तांबडा भात उंच वाढतो, तयार व्हायला पाचेक महिने घेतो आणि तळहातात मावेल एवढ्या पात्यानं एकेक लोंबी खुडून काढला जातो. कापणी झाली की रिकाम्या खाचरांत बदकांचे थवे सोडतात. ती सांडलेले दाणे टिपतात, किडे खातात आणि जाताना खतही ठेवून जातात!

या खाचरांना पाणी कुठून येतं? बालीच्या नद्या ज्वालामुखीच्या मऊ खडकात खोल घळी कापत वाहतात. नदी तळाशी आणि शेत माथ्यावर. पंप नसताना पाणी वर कसं चढवणार? चढवायचंच नाही. नदीला बऱ्याच वरच्या अंगाला बांध घालायचा, तिथून डोंगराच्या पोटातून बोगदा खणायचा आणि जेमतेम उतार देत पाणी थेट शेताच्या डोक्यावर बाहेर काढायचं. काही बोगदे किलोमीटरभर लांबीचे आहेत. बोगदे खणणाऱ्या कारागिरांचा उल्लेख बालीच्या नवव्या शतकातल्या लेखांत सापडतो. सुरुंगाची दारू नाही, होकायंत्र नाही, आणि तरी बोगदा पलीकडे बरोबर जागी निघतो.

एका पाटावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला सुबाक म्हणतात. सुबाक म्हणजे गाव नव्हे. शेजारी राहणारे दोघे वेगवेगळ्या सुबाकांत असू शकतात आणि एकाच सुबाकात चार गावची माणसं असतात. माणसं कुठे राहतात याला इथे महत्त्व नाही, पाणी कुठून येतं याला आहे. सभासद आपल्यातूनच एक प्रमुख, म्हणजे पेकासेह, निवडतात. बैठकीला दांडी मारली तर दंड, पाटाच्या सफाईला आला नाही तर दंड.

पाणीवाटपाचं साधन पाहून तर थक्क व्हायला होतं. पाटात आडवा टाकलेला लाकडी ओंडका आणि त्यात कोरलेल्या खाचा, बस्स. ज्याचा जेवढा वाटा, तेवढी त्याची खाच रुंद. किती लिटर, किती तास, काही मोजायचं नाही. पाणी भरपूर असेल तर सगळ्यांना भरपूर, आटलं तर सगळ्यांचं सारख्याच प्रमाणात आटतं. रात्रीतून कोणी आपली खाच रुंद केली तर सकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळतं. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत, पाटकरी आणि जागल्याच्या भरवशावर पांझरेचं पाणी पिढ्यानपिढ्या असंच वाटलं गेलं. माणसाला हे शहाणपण एकाच ठिकाणी सुचलं असं नाही.

खाचांमुळे एका सुबाकातली भांडणं मिटली. पण एकाच नदीवर ओळीनं बसलेल्या डझनावारी सुबाकांचं काय? वरच्या सुबाकानं अख्खा ओढाच वळवला तर खालचा काय करणार?

इथे आपला सहा पायांचा नायक येतो: तपकिरी तुडतुडा. तो भाताच्या बुंध्याशी बसून रस शोषतो. एका खाचरातलं हिरवं संपलं की पुढच्या हिरव्याकडे निघतो. त्याला उपाशी मारण्याचा एकच मार्ग. मोठ्या पट्ट्यातली सगळी शेतं एकदम कापायची आणि एकदम पड टाकायची. एखाद्याचं जरी शेत हिरवं राहिलं, तरी तुडतुड्यांची आणि उंदरांची सोय झालीच.

आता वरच्या शेतकऱ्याचा हिशोब बघा. खालच्यांना पाणी दिलं नाही तर त्यांची लावणी लांबते. लावणी लांबली की कापणी लांबते. याचं शेत कापून मोकळं असताना खाली हिरवं उभं राहतं, कीड तिथे पोसली जाते आणि याचं नवं पीक उगवलं की वर येते. म्हणजे पाण्याची किल्ली वरच्याच्या हातात आणि किडीची खालच्याच्या! अमेरिकी मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी शेतकऱ्यांना विचारलं, तुम्हाला जास्त चिंता कशाची? वरच्या अंगाचे प्रामुख्यानं म्हणाले किडीची, खालचे म्हणाले पाण्याची. दोघांच्या चिंता एकमेकांत अडकलेल्या आहेत, म्हणून तह टिकतो.

पण सगळ्यांनीच एका दिवशी लावणी केली तर चिखलणीला एकदम पाणी कुठून आणणार? म्हणजे किडीसाठी सगळे एकत्र हवेत आणि पाण्यासाठी वेगवेगळे. किती सुबाकांनी एकत्र पेरायचं आणि पुढच्या गटानं किती थांबायचं, हे गणित कुणी सोडवलं? ते पाण्याच्या देवळांतून सुटत आलं. नदीच्या फाट्याफाट्यावर देऊळ, तिथल्या बैठकीत लावणीचे दिवस ठरतात, आणि सगळ्यांच्या वर बातुर सरोवराच्या देवीचं देऊळ. लान्सिंग आणि जेम्स क्रेमर यांनी 172 सुबाकांचं संगणकावर प्रतिरूप मांडलं. नियम अगदी साधा. शेजारणीचं लोणचं जास्त चांगलं मुरलं तर पुढच्या वर्षी तिचंच प्रमाण उचलावं, तसं प्रत्येक सुबाकानं जास्त पीक काढणाऱ्या शेजाऱ्याचं वेळापत्रक उचलायचं. सुरुवात पूर्ण गोंधळातून केली होती. संगणकातली काही मोजकी वर्षं गेली आणि पडद्यावर जी आखणी उमटली, ती देवळांच्या आखणीशी बरीचशी जुळत होती. वरून हुकूम देणारं कोणी नसताना!

सत्तरच्या दशकात सरकारनं सांगितलं, नवं लवकर येणारं बियाणं घ्या, जमेल तितक्या वेळा पिकं काढा, देवळांची तिथी पाहत बसू नका. हेतू वाईट नव्हता, देशाला तांदूळ आयात करावा लागत होता. पण बाराही महिने कुठे ना कुठे हिरवं राहू लागलं आणि तुडतुड्यांची चैन झाली. मग फवारे आले. गंमत अशी, की तुडतुडा अंडी घालतो भाताच्या आतल्या पेशींत, तिथे औषध सहजी पोचत नाही. मरतो तो तुडतुडे खाणारा कोळी. फवारा मारावा तसे तुडतुडे वाढत गेले. शेवटी 1986 मध्ये इंडोनेशियाच्या सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. बालीत तोवर कित्येक सुबाक आपणहून देवळांच्या वेळापत्रकाकडे वळले होते.

मग आता सगळं आलबेल आहे? नाही. तरण्या पोरांना उबुड आणि कुटाच्या हॉटेलांत महिन्याचा पगार मिळतो. खाचरात वाकून लोंब्या खुडायला उरतात आईबाप. जमिनीला भाव असा, की विकली तर आयुष्यभराच्या भातापेक्षा जास्त पैसा एका दिवसात. पण मला जास्त धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वरच्या तुकड्यावर व्हिला उभी राहिली की तिला पाणी रोज लागतं, तिची पड नसते आणि मुख्य म्हणजे तिला तुडतुडे लागत नाहीत. तिच्या मालकाला खालच्या शेतकऱ्याचं भय नाही, म्हणून गरजही नाही. ज्या धाकावर तह उभा होता, तोच गेला.

जातिलुविहमध्ये मात्र एक मजेशीर उलटापालट चालू आहे. 2012 मध्ये युनेस्कोनं सुबाकाच्या या भूभागाला जागतिक वारसा ठरवलं. आता लोक तिकीट काढून येतात, रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि खाली बघतात. त्यांना हवी असते तळापर्यंत सलग हिरवी उतरंड. खालच्यानं शेती सोडली तर वरच्याचं हॉटेल कोण बघणार? वरच्याला खालच्याची गरज पुन्हा लागली आहे, फक्त या खेपेला तुडतुड्याचं काम पर्यटक करतोय. तो ते किती वर्षं करील, हे बरंचसं तिकिटाच्या पैशातला किती वाटा चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पडतो यावर ठरेल. नाहीतर त्याचा मुलगा खाचराचा भाव विचारायला दलालाकडे जाईल.