श्रीरामपूरची आग आणि स्तोत्र ४६

मन खचलं की मला विल्यम केरी आठवतात. मराठीचं व्याकरण (१८०५) आणि शब्दकोश (१८१०) छापणारे हेच ते मिशनरी.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या त्यांच्या छापखान्याला आग लागली. केरी तेव्हा कलकत्त्यात होते. कागद, छपाईचे खिळे, अनेक भाषांच्या कोशाचं हस्तलिखित, कितीतरी वर्षांची मेहनत जळून गेली. राखेत शोधताना खिळे पाडायचे पोलादी ठसे मात्र शाबूत सापडले. छपाईची पाच यंत्रंही वाचली होती. वितळलेल्या धातूतून पुन्हा खिळे ओतले गेले आणि काही आठवड्यांत छपाई सुरू झाली!

आगीनंतरच्या रविवारी केरींनी प्रवचनासाठी बायबलमधलं स्तोत्र ४६ निवडलं. जमीन हादरते, समुद्र खवळतो, तरी देव आपला आश्रय आहे, असं सांगणारं हे स्तोत्र. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की ते संकट नाकारत नाही. आणि बोलतं तेही एकट्याच्या नव्हे, सगळ्या मंडळीच्या तोंडून. म्हणून निराशेत ते एकट्याने वाचण्यापेक्षा कुणाला तरी सोबत घेऊन मोठ्याने वाचावं. अकराच वचनं आहेत, आज रात्रीच वाचा.