पांढऱ्या लोटातला ॲल्युमिनियम

२ नोव्हेंबर २०२५ ला ‘एलव्हीएम-३’ने ४,४१० किलोचा सीएमएस-०३ उपग्रह श्रीहरिकोट्याहून उचलला, तेव्हा या ‘बाहुबली’ रॉकेटच्या ताकदीची चर्चा झाली. त्या पांढऱ्याशुभ्र लोटाची फारशी झाली नाही. रॉकेटच्या दोन्ही कुशींना लावलेल्या एस-२०० मोटारींत प्रत्येकी सुमारे २०५ टन घन इंधन असतं आणि त्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते. ती जळून उरलेलं ऑक्साइड म्हणजे तो लोट.

ॲल्युमिनियम सहजी पेटत नाही. प्रत्येक कणावर ऑक्साइडचं कवच असतं आणि ते वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागतं. मायक्रॉन आकाराचे कण त्याच सुमारास पेटतात. तोवर ते इंधनाच्या पृष्ठभागावर एकमेकांना चिकटून मोठे थेंब होतात. हे थेंब नोझलमधून वायूमागे रेंगाळतात आणि रेट्याचा काही भाग वाया जातो.

नॅनो कण मात्र धातू वितळतो त्या ६६० अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकतात. वितळताना धातू फुगतो, कवचावर ताण येतो. कवच तडकून धातू उडतो की त्यातून हळूहळू झिरपतो, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

या क्षेत्रातला मला सर्वांत भावलेला प्रयोग २००९ चा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे स्टीव्हन सन आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी सुमारे ८० नॅनोमीटरचे ॲल्युमिनियम कण आणि बर्फ एवढ्यावर छोटं रॉकेट उडवलं. ते सुमारे ४०० मीटर चढलं. जळणाला लागणारा ऑक्सिजन पाण्यातूनच आला! चंद्राच्या मातीत ॲल्युमिनियम आहे, ध्रुवांजवळ बर्फ आहे. परतीचं इंधन तिथेच घडवण्याचा विचार इतक्या साध्या मिश्रणातून पुढे यावा, हे मला विलक्षण वाटतं.

पण ‘नॅनो’ म्हटलं की सगळं सुधारतं, हा समज इथे टिकत नाही. कवच अडीच नॅनोमीटरचं धरलं, तर ८० नॅनोमीटरच्या कणात वजनाने साधारण ८० टक्के धातू उरतो. ४० च्या कणात जेमतेम ६३. शेंग जितकी बारीक, तितका टरफलाचा वाटा मोठा. शिवाय जळण्याआधीच कण एकमेकांत मिसळून जातात, म्हणजे बारीकपणाचा फायदा ऐन वेळी निसटतो. आणि प्रचंड पृष्ठभागामुळे मिश्रण इतकं घट्ट होतं की ते मोटारीत ओतणं कठीण. त्यामुळे नेहमीच्या भुकटीचा थोडाच भाग बदलून नॅनो कण घालणं, हा मार्ग मला आज अधिक भरवशाचा वाटतो.