पाठीचा पत्रा

जुन्या पिकअपवर जीव जडतो तो तिचे तोंड पाहून. अमेरिकेत शेव्हरोलेने १९४७ साली ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिका आणली. तिचे फुगीर बॉनेट, पाच आडव्या पट्ट्यांची जाळी आणि मडगार्डात बसवलेले गोल दिवे आजही तिथल्या हौशी मंडळींना वेड लावतात. शेव्हरोले हे नाव आपल्यालाही परके नव्हते. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला होता. पण गाडी विकत घ्यायची झाली, तर जाणता माणूस आधी तिच्या मागे जातो आणि केबिनच्या पाठीवर, खालच्या कडेला लोहचुंबक लावून पाहतो. चुंबक चिकटला नाही, तर तिथे पत्रा नाही, रंगाखाली नुसती लांबी भरली आहे, असे खुशाल समजावे.

गंज नेमका इथेच का धरतो? केबिनची पाठ आणि हौद्याची पुढची भिंत यांत अरुंद फट असते. चिखल, पेंढा, भुसा अशी शेतावरची सारी घाण तिथे साचते आणि ओल धरून ठेवते. मागच्या काचेचे रबर वयाने कडक होते, चिरते. मग पाणी आतूनही उतरते. खालचे कोपरे दुहेरी पत्र्याचे, त्यामुळे आत गेलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. बाहेर रंगाला फोड दिसतो तोवर आतला पत्रा चाळणीसारखा झालेला असतो.

पत्रा बदलायचा तर ग्राइंडरला हात लावण्याआधी एक गोष्ट हवी. या मालिकेतल्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे उभी असते. म्हणजे ज्या पत्र्यावर ठिणग्या उडायच्या त्याला जवळजवळ खेटून. टाकी काढून पार लांब न्यावी. रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक घातकी.

दुसरी चूक जिवावर बेतत नाही, पण गाडी कायमची बिघडवते. पाठीचा पत्रा हे नुसते झाकण नव्हे. छप्पर, फरशी आणि दारांमागचे दोन्ही खांब त्यानेच एकमेकांना धरून ठेवलेले असतात. तो कापला की केबिन हळूच फाकते किंवा दबते. डोळ्यांना कळत नाही, दाराला कळते. म्हणून केबिन चॅसीवर बसलेली असतानाच, दारे नीट लागतात हे पाहून, दोन्ही दारांच्या चौकटीत आणि आडवे एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत लोखंडी चौकोनी पाइपांचे टेकू वेल्ड करायचे. कर्णांची मापे भिंतीवर लिहून ठेवायची. फरशी आणि केबिनचे पाये सडले असतील तर आधी ते. बसक्या पायावर घेतलेल्या मापाला अर्थ नाही. हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच टाळले जाते.

मग किती कापायचे? नवा घडवलेला पत्रा विकत मिळतो, खालच्या पट्टीपासून अख्ख्या पाठीपर्यंत. कोणी भंगारातल्या केबिनची पाठच कापून आणतात, विशेषतः कोपऱ्यांत वळलेल्या काचा हव्या असतील तर. मला स्वतःला अख्खी पाठ बदलण्याचा हव्यास पटत नाही. गंज बहुधा तळाला असतो. वरचा पत्रा मूळ कारखान्याचा, धडधाकट, मालाच्या धक्क्यांनी पोचे पडलेला. ते पोचे ठोकून निघतात.

जुन्या सांध्यातले स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवायचे, आतला पत्रा मात्र भोकायचा नाही. नवा तुकडा पहिल्या खेपेला क्वचितच बसतो. तो शिकंज्यांत धरून दारे लावून पाहायची, काढायचा, घासायचा, पुन्हा धरायचा. वेल्डिंग सलग ओढले तर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा तापून ताणतो, निवताना आखडतो आणि डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर टकटक करू लागतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मधे पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचे. आखडलेला सांधा मागे डॉली धरून हलक्या हातोडीने पुन्हा ताणायचा. दोन-तीन फुटांच्या सांध्याला अख्खी दुपार जाते.

शेवटी आतल्या पोकळीत गंजरोधक फवारायचे, तळाची पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवायची आणि मगच टेकू कापायचे. ते कापताना हात थोडा जड होतो. दोन्ही दारे उघडून, हलकेच ढकलून सोडायची आणि कान देऊन उभे राहायचे.