सक्ती कोणावर आणि कशाची?

सरकार सगळ्यांच्या उपचारांचा खर्च उचलणार असेल, तर प्रत्येकाने वर्षातून एकदा तपासणी करून घेतलीच पाहिजे, असं म्हणणारे हल्ली बरेच भेटतात. आजार लवकर कळेल, माणूस वाचेल आणि पैसाही वाचेल, हा त्यामागचा विचार. हेतू चांगलाच आहे. पण ज्या देशांनी हे करून पाहिलं, त्यांचा अनुभव आपल्याकडच्या समजुतींशी जुळत नाही.

गैरसमज: जपानमध्ये पोट सुटलं की दंड होतो

हे व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतंय. वस्तुस्थिती अशी, की जपानने 2008 मध्ये 40 ते 74 वयोगटासाठी खास आरोग्य तपासणी सुरू केली. बेंबीच्या रेषेत टेप लावून कंबर मोजतात. पुरुषाची 85 सेंटिमीटर आणि बाईची 90 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरली आणि बीपी, शुगर किंवा चरबीही वाढलेली असली, तर आहार-व्यायामाचा सल्ला मिळतो. ज्याचं पोट सुटलंय त्याच्याकडून एक येनही घेत नाहीत. आर्थिक भुर्दंड पडू शकतो तो विमा चालवणाऱ्या संस्थांना, तपासणीचं काम नीट झालं नाही तर. नोकरदारांच्या वार्षिक तपासणीची कायदेशीर जबाबदारी मालकावर आहे, ती तर 1972 पासून.

मग उपयोग किती झाला? 85 सेंटिमीटरच्या रेषेच्या थोडे अलीकडचे आणि थोडे पलीकडचे पुरुष यांची तुलना करणारा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. सल्ल्यासाठी पात्र ठरलेल्यांचं वजन वर्षभरात सरासरी पाव किलोच्या आसपास घटलं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल यांत फरक दिसला नाही.

गैरसमज: जितक्या जास्त तपासण्या, तितका माणूस सुरक्षित

‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजं याच समजुतीवर खपतात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन परिसरातल्या सुमारे 60 हजार लोकांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काहींना चिठ्ठी टाकावी तसं निवडून तपासणी आणि सल्ला देऊ केला, उरलेल्यांना नाही. दहा वर्षांनी पाहिलं, तर हृदयविकाराचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. अडीच लाखांवर लोकांचा समावेश असलेल्या 17 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये आला. सरसकट आरोग्य तपासणीने एकूण मृत्यू कमी होत नाहीत, असाच त्याचाही निष्कर्ष आहे. कारण साधं आहे. ज्यांना त्रास होतो ते एरवीही डॉक्टरकडे जातात आणि डॉक्टर त्यांचं बीपी-शुगर बघतातच. सक्तीच्या तपासणीने हाती लागतात ते बहुतेक धडधाकट लोक.

धडधाकट माणसाच्या अंगात उगाच शोधाशोध केली की काय होतं, ते दक्षिण कोरियात दिसलं. तिथे 1999 पासून राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली. त्यात थायरॉईड नव्हता, पण थोडे पैसे जास्त भरले की गळ्याची सोनोग्राफी करून मिळे. लोकांनी ती धडाधड करून घेतली. 2011 पर्यंत थायरॉईड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण 1993 च्या पंधरा पट झालं. त्या एका वर्षात 40 हजारांवर लोकांना कॅन्सर सांगितला गेला. मृत्यू मात्र पूर्वीइतकेच, वर्षाला तीन-चारशे. म्हणजे सापडलेल्या बहुतेक गाठींनी कुणाचा जीव घेतलाच नसता. तरी जवळजवळ सगळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. अनेकांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या, शंभरातल्या दोघांच्या स्वरतंतूंना लकवा आला. बऱ्या माणसाला रुग्ण करून टाकण्याचा हा धोका कुठल्याही पॅकेजच्या जाहिरातीत छापलेला नसतो, याची मला चीड येते.

गैरसमज: प्रतिबंधामुळे सरकारचा पैसा वाचतो

काही उपायांनी वाचतो, उदाहरणार्थ लसीकरणाने. बहुतेक तपासण्यांनी वाचत नाही, कारण एक रुग्ण सापडण्यासाठी शेकडो निरोगी लोक तपासावे लागतात. जीव वाचत असेल तर खर्च जरूर करावा, पण बचतीचं आमिष दाखवून नव्हे.

गैरसमज: सक्तीशिवाय लोक येतच नाहीत

याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी मोठा अभ्यास झाला. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर निरोगी बायका त्यात होत्या. जबरदस्ती नव्हती. तरी एचपीव्ही या विषाणूची चाचणी देऊ केलेल्या गटात पाचपैकी जवळजवळ चौघी तपासायला आल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या या चाचणीने त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आणले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाच्या संशोधकांनी दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे प्रशिक्षण दिलं. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का ते साध्या डोळ्यांनी बघायचं. एवढ्यावर या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

दुसरीकडे, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी जेमतेम 1.9 टक्के बायकांची या कॅन्सरसाठीची तपासणी एकदा तरी झाली होती. धाराशिवच्या बायका येतात आणि देशातल्या येत नाहीत, हे काही बायकांच्या अनिच्छेमुळे नाही. तपासणी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाही. म्हणून सक्ती हवी असेल तर ती व्यवस्थेवर हवी, आणि तीही ठरावीक वयाला, जीव वाचवतात हे सिद्ध झालेल्या मोजक्याच तपासण्यांची.

तिशी ओलांडलेल्यांचे फॉर्म आशाताई आजही घरोघरी भरून घेतात. तंबाखू, कंबर, घरात कुणाला शुगर आहे का, सगळं त्यात असतं. पण फॉर्म भरून भागत नाही. तपासणीत पांढरा डाग दिसलेल्या बाईला पुढची तपासणी कुठे, कोणत्या तारखेला, हे उपकेंद्रातून उठण्याआधी लिहून मिळालं पाहिजे. त्या दिवशी बुडणाऱ्या मजुरीचं आणि एसटीच्या भाड्याचं काय, हेही योजनेच्या कागदावर हवं.