मोहाची बी थांबत नाही!



मार्च-एप्रिलमध्ये कधी पहाटे अक्कलकुवा, मोलगी किंवा धडगावकडे आलात, तर एक गंमत दिसेल. मोहाच्या झाडाखाली घरातली लहानथोर सगळी माणसं टोपल्या घेऊन वाकलेली असतात. झाडावर पानं जवळजवळ नाहीत आणि खाली मात्र पिवळट, रसरशीत फुलांचा सडा! ही फुलं वाळवून घरात ठेवतात, बाजारात विकतात. सातपुड्यातल्या कितीतरी घरांचा उन्हाळा मोहावर निघतो.

एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "गुरुजी, आम्ही सगळी फुलं वेचून आणतो, मग झाडाला फळ कशाचं लागतं?"

आहे की नाही नेमका प्रश्न? फूल तोडलं की फळ गेलं, हे आपण आंब्याच्या मोहरावरून शिकलेलो असतो. मग मोहाचं काय?

आम्ही खाली पडलेलं एक फूल उलटं करून पाहिलं. त्याच्या बुडाशी भोक! मग एक फांदी वाकवली. फांदीच्या टोकाला देठ होते आणि प्रत्येक देठावर लोकरी टोपीत बसलेला एक हिरवा गोळा. त्यातून लांब काडी बाहेर आलेली. उत्तर सापडलं! आपण वेचतो ते पूर्ण फूल नसतंच. तो असतो गोड पाकळ्यांचा दलपुंज आणि त्याला चिकटलेले पुंकेसर. फळ ज्याचं होतं तो अंडाशय झाडावरच राहतो. ती काडी म्हणजे कुक्षीवृंत आणि तिचं टोक म्हणजे कुक्षी.

पण कुक्षीवर पराग आणून कोण टाकतं? मोहाचं फूल रात्री जागं असतं. गोड वासावर वटवाघळं येतात, फुलांशी झोंबतात, दलपुंज तोंडाने ओढून खातात. त्यांच्या अंगाला लागलेले पराग दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर जातात. परागकणातून एक बारीक नलिका निघते आणि कुक्षीवृंतातून खाली बीजांडापर्यंत पोहोचते. तिथे फलन होतं. मग बीजांडाची बी होते आणि अंडाशयाचं फळ. अंडाशयात कप्पे अनेक आणि प्रत्येक कप्प्यात एक बीजांड असतं. तरी पिकलेल्या फळात बिया निघतात एक ते चारच. बाकीची बीजांडं मागेच राहतात.

फळं पिकतात पाऊस सुरू होण्याच्या सुमारास. या बियांना कुणी टोळंबी म्हणतं, कुणी टोळी. त्यांचं तेल काढतात. हे तेल म्हणजे खरं तर रोपाची शिदोरी! बीच्या दोन जाड दलांत झाडाने ती बाळासाठी भरून ठेवलेली असते.

आता माझी फजिती सांगतो. एका वर्षी मी जूनमध्ये मोहाच्या बिया गोळा केल्या, उन्हात छान वाळवल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. ऑगस्टमध्ये मुलांकडून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून घेतली आणि बिया पेरल्या. मुलं रोज पाणी घालायची, रोज वाकून बघायची. एकही कोंब आला नाही! शेवटी एका मुलाची आजी हसून म्हणाली, "गुरुजी, ही काय ज्वारी आहे का डब्यात ठेवायला? मोहाची बी थांबत नाही."

आजी शाळेत गेली नव्हती, पण तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. १९७३ साली ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने बियांचे दोन गट सांगितले. ज्वारी, मूग, हरभरा यांची बी पिकताना वाळते आणि झोपी जाते. कोरडी ठेवली तर ती पुढच्या पेरणीपर्यंत सहज टिकते. इस्रायलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली खजुराची सुमारे २००० वर्षांपूर्वीची बी तर २००५ साली रुजली! दुसऱ्या गटातली बी झोपतच नाही. ती ओलसर असतानाच गळते आणि लगेच उगवू पाहते. वाळली की मेली. आंबा, फणस, जांभूळ आणि आपला मोह या गटातले. म्हणजे उन्हात वाळवलेली टोळंबी तेलाला चांगली, पण पेरायला कामाची नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पडलेल्या बिया त्याच दिवशी पेरल्या. थोड्याच दिवसांत माती फुगली आणि कोंब वर आले. मुलांनी काय आरडाओरडा केला म्हणून सांगू!

पण मुलांनो, एक गोष्ट मनाला लागते. गावात जुने मोह पुष्कळ आहेत. लहान मोह शोधावे लागतात. फुलं नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्यात कोवळी रोपं जळतात. उरल्यासुरल्या बिया तेलासाठी वेचल्या जातात. फुलं वेचल्याने मोहाचं काही बिघडत नाही, हे आपण पाहिलं. पण सगळ्याच बिया घरी आल्या, तर आजोबांच्या झाडानंतर कोण?

म्हणून एवढं करा. आईवडिलांना सांगून पाचोळा जाळण्याऐवजी झाडून घ्या. या पावसाळ्यात टोपलीतल्या दहा ताज्या बिया बाजूला काढा. मोहाचं मूळ सरळ खोल जातं, म्हणून जमल्यास शेताच्या बांधावरच पेरा. वरून फक्त बी झाकेल एवढी माती घाला आणि काटेरी कुंपण करा. शहरात राहत असाल तर जांभळाची बी घ्या. निम्म्या बिया लगेच पेरा, निम्म्या महिनाभर उन्हात वाळवून मग पेरा. कोणत्या उगवतात ते वहीत लिहा.

मोहाला पहिलं फूल यायला आठ-दहा वर्षं तरी लागतात. तोवर तुम्ही मोठे व्हाल. पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जाल, तेव्हा ते झाड तुमचं असेल!