शेरवुडचे परागंदा

रानातली मेजवानी ऐन रंगात आलेली असते. शेकोट्या पेटल्यात, लुटलेल्या भरजरी कपड्यांत माणसं मिरवताहेत, आणि पकडून आणलेली लेडी मॅरियन त्या गलक्यात राजघराण्याच्या तोऱ्याने बसली आहे. रॉबिन तिला उठवतो आणि गर्दीपासून जरा बाजूला नेतो. तिथे झाडांच्या सावलीत वेगळीच माणसं आहेत. नॉर्मन सरदारांच्या छळाने मोडलेली, घरदार गेलेली, भुकेली. त्यांच्या हातात अन्न पडलंय आणि रॉबिन जवळून जाताना ती त्याला दुवा देताहेत. मॅरियन काही बोलत नाही. ऑलिव्हिया द हॅविलंडचा चेहरा हळूहळू बदलत जातो, एवढंच.

जेमतेम दोन मिनिटांचा प्रसंग आहे. वॉर्नर ब्रदर्सचा १९३८ सालचा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हुड’ लोकांच्या लक्षात राहिला तो एरल फ्लिनच्या कमरेवर हात ठेवून हसण्यामुळे, वेलींवरून घेतलेल्या झोक्यांमुळे, तलवारबाजीमुळे. त्यात गैर काही नाही. मलाही लहानपणी तेवढंच दिसलं होतं. पण गेल्या पावसाळ्यात हा चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा मी त्या दोन मिनिटांपाशी अडखळलो. शेरवुडचं रान लुटारूंचा अड्डा कमी आणि निर्वासितांची वस्ती जास्त आहे, हे तिथे कळतं. आणि ज्यांनी हा चित्रपट घडवला त्यांची नावं-गावं बघत गेलं की पडद्यामागेही तशीच एक वस्ती दिसू लागते.

रॉबिन हुडला इंग्रजीत ‘आउटलॉ’ हा जो शब्द आहे त्याला आपल्याकडे ‘दरोडेखोर’ म्हणतात, पण तो पुरा बसत नाही. कायद्याने ज्याच्यावरचं छत्र काढून घेतलंय, ज्याला कुणीही मारावं, तो माणूस. ‘परागंदा’ हा आपला शब्द त्याच्या जास्त जवळ जातो. दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांना वाटणारा अण्णा भाऊ साठ्यांचा फकिरा ज्यांनी वाचलाय, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

मूळ लोकगीतांतला रॉबिन मात्र या चित्रपटातल्या रॉबिनहून बराच निराळा होता. त्याच्या नावाचा सर्वांत जुना साहित्यिक उल्लेख १३७७च्या सुमाराला विल्यम लँगलंडच्या दीर्घकाव्यात येतो, तोही ओझरता: एका आळशी धर्मगुरूला प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हुडची गाणी येतात. १५००च्या आसपास छापलेल्या लांबलचक पोवाड्यात रॉबिन सरदार नाही, भूदासही नाही. मधल्या थरातला स्वतंत्र माणूस आहे. त्याचा वावर यॉर्कशरमधल्या बार्न्सडेलच्या रानात आहे. चित्रपटातल्यासारखं राजाचं नाव रिचर्ड नाही, एडवर्ड आहे. मॅरियनचा पत्ताच नाही. ती नंतर मे महिन्यातल्या गावजत्रांच्या खेळांतून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

पुढे एकेकाने एकेक थर चढवला. १५२१ साली जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकाराने त्याला रिचर्डच्या काळात नेऊन बसवलं. १५९८ साली अँथनी मंडे या नाटककाराने त्याला उमराव केलं. १८१९च्या अखेरीस आलेल्या वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हान्हो’ने सॅक्सन विरुद्ध नॉर्मन हे भांडण गोष्टीच्या मध्यभागी आणलं, आणि लॉक्सली या नावाने धनुर्धर रॉबिन त्यात उभा केला. चित्रपटाने हे सगळे थर एकत्र घेतले. त्याचा रॉबिन लॉक्सलीचा सॅक्सन सरदार आहे. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं १०६६ साली. सव्वाशे वर्षांनंतरही हे वैर इतकं धगधगतं राहिलं असेल, असं इतिहासाचे अभ्यासक मानत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. पण जेते आणि जित अशी सरळ फाळणी केल्यामुळे १९३८च्या प्रेक्षकाला जे दिसायचं ते लख्ख दिसलं. कराच्या नावाखाली घरं लुटणारे, माणसांना छळणारे गणवेशातले शिपाई त्या साली कुणाला मध्ययुगातले वाटले नसतील.

आधी रॉबिनच्या भूमिकेसाठी जेम्स कॅग्नीचं नाव होतं. १९३५ साली कराराच्या वादावरून त्याने वॉर्नर सोडलं आणि बेत मागे पडला. त्याच साली ‘कॅप्टन ब्लड’ने फ्लिन आणि द हॅविलंड ही जोडी एकदम वर आली. मग कंपनीने हात सैल सोडला. सुमारे २० लाख डॉलर खर्च झाले. तोवर वॉर्नरने एका चित्रपटावर इतका पैसा कधीच घातला नव्हता. सप्टेंबर १९३७मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या बिडवेल पार्कमध्ये चित्रीकरण सुरू झालं. विल्यम कीली दिग्दर्शक होता. वेळापत्रक कोलमडलं, मारामारीच्या प्रसंगांत जोर येईना, तेव्हा कंपनीने त्याला काढून मायकेल कर्टिझला आणलं. श्रेयनामावलीत दोघांचीही नावं आहेत. माझ्या मते चित्रपटातला मोकळा वारा कीलीचा आहे आणि वेग कर्टिझचा.

हा कर्टिझ मूळचा बुडापेस्टचा ज्यू, मिहाय केर्तेस. निर्मितीची रोजची सूत्रं सांभाळणारा हेन्री ब्लँके बर्लिनचा. नॉटिंगहॅमचा किल्ला उभा करणारा कलादिग्दर्शक कार्ल ज्यूल्स वाइल जर्मनीत जन्मलेला. तलवारबाजी बसवणारा फ्रेड कॅव्हेन्स बेल्जियन. पडद्यावरची मंडळी तरी कुठे नॉटिंगहॅमची होती? फ्लिन टास्मानियातल्या होबार्टचा, खलनायक सर गाय ऑफ गिस्बर्न झालेला बॅसिल रॅथबोन जोहान्सबर्गला जन्मलेला, मॅरियन झालेली द हॅविलंड टोकियोत जन्मलेली. इंग्लंडची सर्वांत लाडकी गोष्ट या पांगलेल्या माणसांनी कॅलिफोर्नियाच्या उन्हात उभी केली.

आता रंगांविषयी. हा चित्रपट पाहून कुणी ‘जुना सिनेमा’ म्हटलं की मला वाईट वाटतं. टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक लोलक असे. तो प्रकाश फोडून तीन कृष्णधवल फिल्मवर पोचवी, लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वेगळ्या नोंदी होत. मग ठशांच्या छपाईत एकावर एक रंग चढवावा तसे तीन रंग प्रतीवर उमटवले जात. कॅमेरा अवजड, त्याची प्रकाशाची भूक भयंकर. आतल्या चित्रीकरणात दिव्यांच्या उष्णतेने नटांचा जीव नकोसा होई. हे कॅमेरे विकतही मिळत नसत. टेक्निकलर कंपनी ते भाड्याने देई आणि सोबत रंगांवर नजर ठेवायला आपलं माणूस पाठवी. या खटाटोपातून आलेला हिरवा रंग बघावा. झाडांचा हिरवा, रॉबिनच्या अंगरख्याचा हिरवा आणि मॅरियनच्या झग्यांची झळाळी एकमेकांत मिसळत नाहीत, एकमेकांना उठाव देतात. मेजवानीच्या दालनात खांद्यावर मेलेलं हरीण टाकून रॉबिन शिरतो, तेव्हा किल्ल्याच्या दगडी भिंतींत रानच चालत आल्यासारखं वाटतं.

बाणांचं कामही खरं होतं. हॉवर्ड हिल हा त्या काळचा नावाजलेला धनुर्धर. स्पर्धेत रॉबिनकडून हरणाऱ्या तिरंदाजाची छोटी भूमिका त्याने केली आणि पडद्यामागे नेम धरण्याचं कामही. स्टंट करणारी माणसं कपड्यांखाली पोलादी पत्रा आणि त्यावर मऊ लाकडाचा थर बांधत. हिल खरा बाण सोडी आणि तो त्या लाकडात रुते. अशा एका बाणाचे त्यांना १५० डॉलर मिळत. घोड्यावरून कोसळणाऱ्या शिपायाच्या छातीतला तो बाण बघताना हा हिशेब मनातून जात नाही.

आणि संगीत. एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड व्हिएन्नाचा; लहानपणीच युरोपभर नाव झालेला संगीतकार. १९३४ साली नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्टने त्याला हॉलिवूडला नेलं, पण त्याचा जीव व्हिएन्नाच्या ऑपेरात होता. १९३८च्या सुरुवातीला वॉर्नरने रॉबिन हुडसाठी बोलावून घेतलं. त्याने चित्रपट पाहिला आणि नकार कळवला: मी हृदयाच्या भावनांचा संगीतकार, यात नुसती धावपळ आहे, मला हे जमायचं नाही. याच दिवसांत, १२ फेब्रुवारीला, हिटलरने ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलरला बोलावून धमकावल्याची बातमी आली. ज्यू असलेल्या कॉर्नगोल्डला तिचा अर्थ सांगावा लागला नाही. त्याने काम घेतलं, तेही आठवड्याच्या बोलीवर, जमलं नाही तर सोडता यावं म्हणून. मार्चमध्ये जर्मन फौजा व्हिएन्नात शिरल्या. मागे राहिलेला एक मुलगा आणि आईवडील कसेबसे निसटले. घर जप्त झालं. रॉबिन हुडने माझा जीव वाचवला, असं तो पुढे सांगत असे.

चित्रपटाची सुरुवातच राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना ऑस्ट्रियात पकडला गेल्याच्या बातमीने होते. हा भाग इतिहासात खरा आहे. डिसेंबर ११९२मध्ये रिचर्ड व्हिएन्नाजवळ ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डच्या हाती सापडला, डॅन्यूबकाठच्या ड्युर्नस्टाइनच्या किल्ल्यात त्याला ठेवलं, आणि पुढे खंडणी ठरली १,५०,००० मार्क चांदी. पडद्यावर राजपुत्र जॉन त्याच खंडणीचं निमित्त करून रयतेला पिळतो. ज्या मुलखात हा राजा कैद झाला, त्याच मुलखातून सुटून आलेला माणूस त्याच्या परतण्याचं संगीत लिहीत होता. शेवटच्या भागात रिचर्ड अंगावरचा साधूचा झगा बाजूला करतो आणि रान गुडघे टेकतं. तिथे वाद्यवृंद जो उसळतो त्यात मला तरी नुसता राजभक्तीचा सूर ऐकू येत नाही. घर परत मिळालेल्या माणसांचा हुंदका त्यात आहे. लिहिणाऱ्याचं स्वतःचं घर नुकतंच गेलेलं होतं.

त्या संगीताला ऑस्कर मिळालं. तोवर हे पारितोषिक स्टुडिओच्या संगीत विभागाच्या प्रमुखाला जाई. या वेळी पहिल्यांदाच ते प्रत्यक्ष संगीतकाराच्या नावावर दिलं गेलं. कलादिग्दर्शन आणि संकलनाचीही ऑस्कर याच चित्रपटाने नेली.

पटकथेत एक धीट जागा आहे, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. वेष पालटून रानात आलेल्या रिचर्डला, तो राजा आहे हे माहीत नसताना, रॉबिन सुनावतो की या हालअपेष्टांचा दोष राजाचाच. परमुलखात लढत बसण्यापेक्षा त्याने इथे राहून आपली माणसं सांभाळायला हवी होती. म्हणजे रॉबिनची निष्ठा आंधळी नाही. परागंदा माणसालाच राजाला हे सांगण्याचा अधिकार आहे, असं चित्रपट मानतो.

मॅरियनही नुसती शोभेची नाही. फाशीच्या शिक्षेतून रॉबिनला सोडवायची युक्ती तिची असते. द हॅविलंडने हाच कणा पुढे खऱ्या आयुष्यात दाखवला. सात वर्षांचा करार संपल्यावर, तिने नाकारलेल्या भूमिकांच्या काळाची भरपाई म्हणून वॉर्नरने करार लांबवला, तेव्हा ती कोर्टात गेली आणि १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयात जिंकली. तो निकाल आजही तिच्या नावाने ओळखला जातो. १०४ वर्षांची होऊन २०२० साली ती पॅरिसमध्ये गेली. फ्लिन पन्नाशीतच, १९५९ साली गेला होता.

मुंबईशी या गोष्टीचा एक धागा जातो, तो या चित्रपटाच्या आधीचा. १९२२ सालच्या मूकपटात डग्लस फेअरबँक्स रॉबिन झाला होता. त्याच्या साहसपटांच्या प्रेमात पडलेल्या जे. बी. एच. वाडियांच्या कंपनीने १९३५ साली नादियाला घेऊन ‘हंटरवाली’ काढला: मुखवटा घालून जुलमी वजिराला धडा शिकवणारी राजकन्या. फेअरबँक्सच्या मूकपटात रॉबिनचा साथीदार लिटल जॉन झाला होता ॲलन हेल. सोळा वर्षांनी फ्लिनच्या शेजारीही ओढ्याच्या ओंडक्यावर काठी घेऊन तोच उभा आहे, आणि १९५० साली आलेल्या चित्रपटात तिसऱ्यांदा तीच भूमिका त्याने केली; त्याच वर्षी तो वारला.

शेवटचं द्वंद्व मी सांगत बसत नाही, ते बघायलाच हवं. एवढंच, की लढता लढता रॉबिन आणि गिस्बर्न चौकटीबाहेर जातात आणि दगडी खांबावर फक्त त्यांच्या प्रचंड सावल्या लढत राहतात. कर्टिझला सावल्यांचा नाद होता. रॅथबोन खरोखर कसलेला तलवारबाज होता, आणि तरी बहुतेक वेळा पडद्यावर हरणं त्याच्या वाट्याला येई.

चिकोच्या त्या बागेत चित्रीकरणाच्या वेळी एक अवाढव्य ओक उभा होता. चित्रपटात रॉबिनची माणसं ज्या झाडाखाली जमून शपथ घेतात ते हेच झाड. सर जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या, म्हणजे ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ सिद्ध करणाऱ्याच हूकरच्या नावाने ते ओळखलं जाई, आणि हजार वर्षांचं मानलं जाई. १ मे १९७७ला वादळी वाऱ्यात ते कोसळलं. तेव्हा आतून दिसलं, की ते एक झाड नव्हतंच. सव्वातीनशे वर्षांपूर्वी शेजारी-शेजारी उगवलेली दोन झाडं वाढता वाढता एकमेकांत मिसळून गेली होती.